प्रार्थना आणि श्रम : ख्रिस्ती जीवनातील तोल



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावयाचे असते. आम्ही पडलो गेटसभेतले. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत मागून आणलेल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा ख्रिस्ती घरात वाढलेल्या आणि तीस वर्षे कामगारांत वावरलेल्या माणसाला प्रार्थनेविषयी जे उमगले, तेवढेच सांगणार आहोत. ते उमगले दोन चुकांमधून.

पहिली चूक प्रार्थनेच्या बाजूची. एका तरुण कामगाराची प्रेसखाली तीन बोटे गेली. आमच्या मंडळीने त्याच्यासाठी आठवडाभर रोज संध्याकाळी प्रार्थना केली, आणि ती मनापासून केली. परंतु अपघाताची नोंद झाली का, कामगार विम्याचे कागद भरले का, हे त्या आठ दिवसांत एकानेही विचारले नाही. देवाने करावयाचे ते देवावर सोपवले हे ठीक. पण आपण करावयाचे तेही त्याच्यावरच टाकले!

दुसरी चूक आमची स्वतःची. 'काम हीच प्रार्थना' असे आम्ही ऐटीत म्हणत असू, आणि त्या आडोशाने प्रार्थना सोडून दिली होती. 2008 च्या मंदीत एका कारखान्याशी बोलणी चालली होती. रात्री जागून, रागाने आणि ईर्ष्येने भांडून, आम्ही करार पदरात पाडून घेतला. कायम कामगारांची नोकरी वाचली. हारतुरे झाले. मग एक म्हातारा वेल्डर जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागतो ती 'आमची' म्हणून. या कागदात कोणाची भाकर आहे हो?" कंत्राटी कामगारांचे नावसुद्धा त्या करारात नव्हते. त्यांतले बहुतेक पुन्हा कामावर आले नाहीत. ही गोष्ट आम्ही आजही विसरू शकत नाही.

मग या दोन पारड्यांचा तोल कसा साधावा? आम्हाला त्याचा उत्तम नमुना इटलीतील एका जुन्या मठात सापडला. सहाव्या शतकात माँते कासिनो येथे संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी 73 प्रकरणांची नियमावली लिहिली. 'प्रार्थना आणि श्रम' ही त्यांच्या नावावर चालणारी घोषणा त्या ग्रंथात शब्दशः नाही, ती मागाहूनची आहे. पण तिचा अर्थ पानोपानी आहे. दिवसाच्या सात उपासना आणि रात्रीची एक. मध्ये हातांनी काम आणि वाचन. स्वयंपाकघरातली सेवा आळीपाळीने. मठाची अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांइतक्या जपणुकीने वापरावयाची. उपासनेची खूण झाली, की हातातले काम तिथेच ठेवून निघावयाचे. शेत फार लांब असेल, तर जिथे असाल तिथेच गुडघे टेकावयाचे. आणि मौज अशी, की सर्वांनी मिळून करावयाची प्रार्थना थोडक्यात आटोपावी, असेही त्यांनीच बजावले आहे!

म्हणजे तोल हा मनाच्या लहरीवर सोडलेला नाही. त्याला वेळापत्रक आहे. कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही. 1919 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपला पहिलाच करार केला तो कामाचे तास आठापर्यंत आणण्यासाठी. आम्ही त्या आठ तासांसाठी घसा कोरडा केला आणि स्वतः मात्र सोळा तास धावत राहिलो. भोंगा ऐकून काम सुरू करावयास शिकलो. कोणत्या घंटेला थांबावयाचे, ते शिकलो नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक प्रसंग आहे. कफर्णहूम गावी प्रभू येशू सूर्यास्तानंतरही आजाऱ्यांना बरे करीत होता. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठला आणि एकान्तात जाऊन प्रार्थना करू लागला. शिष्य शोधत आले. सगळा गाव तुमचा शोध करीत आहे म्हणाले. तो उठला खरा, पण मागे फिरला नाही. आसपासच्या दुसऱ्या गावांकडे निघाला. आमच्या अल्पमतीला प्रार्थनेचे सामर्थ्य दिसते ते इथे. ती कामातून सुटका करीत नाही. जे हाका मारतात त्यांच्यापलीकडे, ज्यांना हाकही मारता येत नाही अशांची ती आठवण करून देते. त्या रात्री दहा मिनिटे आम्ही थांबलो असतो, तर मालकाचे मन पालटले असते असे आमचे म्हणणे नाही. पण ते कंत्राटी लोक आमच्या डोळ्यांपुढे तरी आले असते.

आता कोणत्याही बोलणीला बसण्यापूर्वी आम्ही थोडा वेळ गप्प बसतो. सोबत हिंदू, मुसलमान, बौद्ध आणि देव न मानणारेही असतात. ज्याचे त्याने आपल्या रीतीने बसावे. उठल्यावर प्रथम यादी वाचतो, आणि तीत कोणाचे नाव राहिले ते पाहतो. प्रार्थना खरी झाली की नाही, याची आमच्याजवळची परीक्षा एवढीच.