मुलाचे दुःख आणि आपला हिशेब

(लाखांदूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



धानाची कापणी नुकतीच आटोपली आहे, मळणी अजून बाकी आहे, आणि तरीही आपण एवढ्या संख्येने येथे आलात. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने हमीभावावर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज लहान मुलांच्या मनाच्या आजारांविषयी बोलणार आहे. हा विषय शहरातील सुखवस्तू घरांचा, भुकेचा प्रश्न सुटला की मनाचा आपोआप सुटेल, असा एक समज आपल्या चळवळीत आहे. तो माझाही होता. तो कसा मोडला ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठच्या एका गावात कर्जापायी एका शेतकऱ्याने जीव दिला. आम्ही मंडळी धावून गेलो. नुकसानभरपाईचे कागद केले, मोर्चा काढला आणि त्या मोर्च्याच्या अग्रभागी मृताच्या नऊ वर्षांच्या मुलाला बापाची तसबीर हातात देऊन उभे केले. त्यात काही गैर आहे असे तेव्हा मला वाटले नाही. पुढे तो मुलगा शाळेत गप्प राहू लागला, रात्री अंथरूण ओले करू लागला, चार माणसे जमलेली दिसली की घरात दडू लागला. आई म्हणाली, “पोट्ट्यानं धसका घेतला.” हे सारे मोर्च्यामुळे झाले असे मी म्हणत नाही. परंतु त्याच्या दुःखाचा आम्ही उपयोग केला. त्या दुःखाची विचारपूस केली नाही.

आई त्याला नागपूरला घेऊन गेली. डॉक्टर भले होते. दर आठवड्याला आणा, तीन महिने बोलत राहावे लागेल, असे त्यांनी सांगितले. दोघांचे एस.टी.चे भाडे आणि ऐन रोवणीच्या दिवसांतील एका दिवसाची मजुरी असा प्रत्येक खेपेचा खर्च होता. ती दोनदा गेली. डॉक्टरांचा सल्ला शास्त्रशुद्ध होता. परंतु तो ज्या समाजासाठी रचला गेला होता, त्या समाजात ती बाई राहत नव्हती.

साथींनो, आजचा प्रश्न एवढाच आहे. श्रीमंत देशांत तज्ज्ञांच्या हाती घडलेले उपचार गरीब देशांतील मुलापर्यंत पोचवायचे, तर त्यांत काय बदलावे आणि काय बदलू नये?

प्रथम प्रश्नाचा आकार पाहू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. दुसरीकडे, देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत आहेत. बाजार त्यांना लाखांदूरला आणणार नाही. तेव्हा तज्ज्ञाची वाट पाहणे हे धोरण होऊ शकत नाही.

मग उपचार म्हणजे नेमके काय, ते पाहिले पाहिजे. आघात झालेल्या मुलांसाठी अमेरिकेत सिद्ध झालेली एक पद्धत आहे. तिच्यात गूढ काही नाही. मुलाला व त्याला सांभाळणाऱ्या माणसाला, असे होणे म्हणजे वेड नव्हे हे समजावणे. श्वास संथ करून भीती आवरायला शिकवणे. मनातल्या भावनेला नाव द्यायला शिकवणे. आणि मग घडलेली गोष्ट त्याला झेपेल तशी, थोडी थोडी, स्वतःच्या शब्दांत सांगू देणे. या पायऱ्यांचा क्रम आणि संयम हे त्यातले शास्त्र आहे. सांगणाऱ्याच्या नावामागील पदवी हा त्या शास्त्राचा अविभाज्य भाग आहे का?

झांबियातील लुसाका शहरात याची परीक्षा झाली. वस्तीतील सामान्य स्त्री-पुरुषांना शिक्षण देऊन आणि त्यांच्यावर नियमित देखरेख ठेवून २५७ मुलांमध्ये ही पद्धत तपासली गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीची मदत मिळालेल्या मुलांपेक्षा या उपचाराच्या मुलांची आघातलक्षणे कितीतरी अधिक कमी झाली. पुढे केनिया व टांझानियात आईबाप गमावलेल्या ६४० मुलांवर असाच प्रयोग झाला. तेथे सर्व ठिकाणी सारखा लाभ दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परिस्थिती बदलली की फळ बदलते; म्हणून दर ठिकाणी तपासणी हवी.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. तेथील ‘संगत’ या संस्थेने स्वमग्न मुलांसाठी इंग्लंडमध्ये तयार झालेली पद्धत गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत एकाच वेळी वापरून पाहिली. तज्ज्ञाऐवजी शिकवून तयार केलेली कार्यकर्ती घरी जाई आणि मुलाच्या खुणा ओळखून त्याला प्रतिसाद कसा द्यावा, हे आईबापांना दाखवी. एकूण १२ भेटी. मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली, हे २०१६ साली प्रसिद्ध झाले. औषध तेच; पोचवणारा हात बदलला, घर बदलले, भाषा बदलली.

या विचाराचे आपल्याला नवल वाटू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी आणि जंतुसंसर्गावरील उपचार शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ साली हे जगापुढे आले. तान्ह्या बाळाचे प्राण गावची बाई वाचवू शकते, तर घाबरलेल्या मुलाशी शास्त्रशुद्ध रीतीने बोलू शकणार नाही, असे कोण म्हणेल?

परंतु येथेच सावध राहावयाचे आहे. ‘गावची माणसे करू शकतात’ हे वाक्य सरकारच्या कानी पडले, की त्याचा अर्थ ‘फुकटात होऊ शकते’ असा घेतला जातो. आशा कार्यकर्तीकडे पाहा. कामाची यादी दर वर्षी वाढते. तरी कागदोपत्री ती स्वयंसेविका, आणि हाती पगार नव्हे, मोबदला. तिच्याच डोक्यावर हे आणखी एक ओझे ठेवणे म्हणजे उपचारांचे रूपांतर नव्हे, तर शोषणाचा विस्तार होय. ज्ञान खाली उतरले पाहिजे, भार नव्हे.

शिक्षकांवर सोपवा, असेही कोणी सुचवील. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत याचीही परीक्षा झाली आहे. काही शाळांत स्वतंत्र, प्रशिक्षित, पण तज्ज्ञ नसलेला समुपदेशक नेमला. काहींत तेच काम शिक्षकाला दिले. २०१८ साली निष्कर्ष आले. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, खिन्नता आणि दंडेली घटली. शिक्षकाच्या शाळांत फरक पडला नाही. मी जन्मभर शिकवले आहे. मला याचे आश्चर्य वाटले नाही. निवडणूक, जनगणना, माध्यान्ह भोजन यांच्या हिशेबात बुडालेल्या शिक्षकाला वेळ नाही. आणि ज्याच्या हाती गुण आहेत त्याच्यापुढे मूल मन मोकळे करीत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क ठरला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही मोफत सेवा आहे. ती गावागावांत माहीत करून द्या. परंतु ज्या घरात एकच फोन, आणि तोही बापाबरोबर शेतावर, त्या घरातील मूल कोणाच्या फोनवरून आणि कोणाच्या देखत बोलणार?

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. प्रत्येक केंद्रशाळेमागे एक समुपदेशक, याच भागातील, झाडीबोली समजणारा. कारण ‘धसका’ हा शब्द ज्याला भाषांतरावाचून कळतो त्यालाच मूल पुढचे सांगते. त्याला ठरलेला मासिक पगार. दर आठवड्याला जिल्हा रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञाची देखरेख, आणि अवघड रुग्णाला वर पाठविण्याची सोय प्रवासखर्चासह. दरवर्षी निष्कर्षांची जाहीर तपासणी. रोजगार हमीची आठवण करा. १९७२ च्या दुष्काळात जे मदतकार्य होते, ते वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७७ च्या कायद्याने हक्क झाले. दयेचे हक्कात रूपांतर करण्याचा अनुभव या राज्याला आहे.

कोणी म्हणेल, कर्ज फिटल्याविना, धानाला भाव मिळाल्याविना या बोलण्याने काय होणार? बोलण्याने कर्ज फिटत नाही, हे खरे. उपचार न्यायाची जागा घेऊ शकत नाहीत. तसा दावा करणाऱ्यांशी आपले भांडण राहील. पण न्याय येईपर्यंत मुलाचे बालपण थांबून राहत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला क्रांतीच्या तारखेची वाट पाहावयास सांगणे, हा समाजवाद नव्हे.

शेवटी एक गोष्ट, जी सरकारने नव्हे, आपणच करावयाची आहे. उद्या असा प्रसंग आला, तर कागद करा, मोर्चा काढा, घोषणा द्या. परंतु त्या मुलाच्या हाती तसबीर देऊ नका. त्याचे दुःख त्याचे आहे. ते कोणाला, केव्हा आणि किती सांगावे, हे ठरविण्याचा पहिला हक्कही त्याचाच आहे. हे मला फार उशिरा कळले. तुम्हाला वेळेवर कळावे म्हणून मी आज उभा राहिलो.