बोनाफाईड: कॉलेजच्या खिडकीपासून पोलीस ठाण्यापर्यंत

एसटीच्या पाससाठी, स्कॉलरशिपसाठी कॉलेजच्या खिडकीवर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलंय, "सर, एक बोनाफाईड पाहिजे." मला कित्येक वर्षं वाटायचं, हे त्या कागदाचंच नाव!

मुळात हे दोन लॅटिन शब्द आहेत. बोना फिदे, म्हणजे सद्भावनेने, मनात खोट न ठेवता. इंग्रजीत आल्यावर त्याला 'खरा, अस्सल' हा अर्थही चिकटला. कागदावर तोच अर्थ: हा आमचा खराखुरा विद्यार्थी आहे. ब्रिटिश लोक बोना फायडी म्हणतात, अमेरिकेत बोना फाईड चालतं. म्हणजे आपले क्लार्क काका चुकत नाहीत बरं का. याच्या उलट मालाफाईड, वाईट हेतूने केलेलं. कोर्टाच्या बातम्यांत तो भेटतो.

मला मूळ अर्थ कळला तो मात्र महागात. ओळखीच्या ओळखीतून मी एक सेकंडहँड मोबाइल घेतला. बिल नाही, बॉक्स नाही, किंमत निम्मी. तीन महिन्यांनी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. फोन चोरीचा निघाला. हातपाय गार पडले. फोन तिथेच जमा केला. घरी येऊन वकील मावशीला म्हटलं, "अगं, मी तर बोनाफाईड घेतला होता!"

ती म्हणाली, "बिल मागितलंस?"

"नाही."

"मग कसला बोनाफाईड?"

तिनेच सांगितलं. 1860 च्या भारतीय दंड संहितेत व्याख्याच अशी होती, की पुरेशी काळजी न घेता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येत नाही. आताच्या न्याय संहितेतही तेच आहे. गंमत म्हणजे 1897 चा जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणतो, प्रामाणिकपणे केलं ना, मग निष्काळजीपणा झाला असला तरी ती सद्भावनाच. मी लगेच म्हटलं, "मला हा दुसरा लाव!" मावशी हसली. चोरीच्या मालाला तो लागत नाही. आणि फोन तसाही माझा झालाच नव्हता. विकणाऱ्याचीच मालकी नव्हती, तो मला काय देणार?

खरं सांगू? किंमत ऐकली तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. मी मुद्दाम विचारलं नाही.

आता मी आधी फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबतो, आयएमईआय नंबर बघतो आणि संचार साथीवर तपासतो. दोन मिनिटं लागतात.