गाडी किती देते?



नवी गाडी दारात उभी राहिली की पेढा तोंडात टाकता टाकताच पाहुणा विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" मालक कंपनीचा आकडा सांगतो. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून काढलेला. तिथे खड्डे नसतात आणि आडवी येणारी रिक्षाही नसते.

आपला आकडा आपणच काढावा. टाकी फुल करायची, मीटर शून्यावर आणायचा. नेहमीसारखी चारशे-साडेचारशे किलोमीटर गाडी चालवायची आणि त्याच पंपावर पुन्हा फुल करायची. किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर. असं दोन-तीनदा केलं की खरं काय ते कळतं.

माझे एक मामा कराडचे. लेकीकडे चिपळूणला जायचं तर वाटेत कुंभार्ली घाट. हेळवाक मागे पडलं, उतार लागला की मामा गाडी न्यूट्रल करणार आणि म्हणणार, "आता पोफळीपर्यंत फुकट!" गेल्या वर्षी माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसूनही त्यांनी तेच केलं. माझ्या गाडीत त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारा आकडा आहे. न्यूट्रलमध्ये तो पन्नास-साठच्या मध्ये हलत होता. मी म्हटलं, "मामा, आता तिसरा गिअर टाका आणि रेसवरून पाय काढा." आकडा 99.9 वर जाऊन थांबला. त्याच्यापुढे त्याला मोजताच येत नाही.

गंमत अशी, की मामांचं जुन्या गाडीत बरोबर होतं. कार्बोरेटरच्या गाडीत उतारावर गिअर असला तरी इंजिन थोडं थोडं पेट्रोल ओढतच राहायचं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत रेसवरचा पाय निघाला आणि इंजिनाला चाकंच फिरवताहेत असं दिसलं, की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल पार बंद करतो. इंजिनाचे फेरे खाली आले की मग पुन्हा सुरू करतो. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटलेला. इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल पाजावंच लागतं. शिवाय इंजिनाचा रोध गेला, की गाडीचा सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. चावी बंद करून घाट उतरणारे तर धन्यच. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड होतं.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे फुकट म्हणून मी विकत घेत होतो की काय?"

गाड्या बदलल्या, पाय जुनेच राहिले. सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटं तशीच घुरघुरत ठेवणं हेही कार्बोरेटरच्याच काळातलं. चालू करा, अर्ध्या मिनिटात निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. इंजिन चालता चालताच लवकर गरम होतं.

बाकीचा हिशेब उजव्या पायाचा. ब्रेक मारला, की पेट्रोल जाळून आणलेला वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. लांबवर सिग्नल लाल दिसतोय, तरी रेस देत जाऊन काठावर कचकन थांबणारे आपण रोज पाहतो. पाय आधीच काढला, तर तेवढं अंतर खरोखर फुकट जातं. गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी खेळवणं हाही तसाच तोट्याचा धंदा, त्यात क्लचप्लेटचं बिल वेगळं.

मोठ्या रस्त्यावर खरी लढाई हवेशी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ऐंशीवरून शंभरवर गेलात की तो दीडपटीच्याही वर जातो. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर शंभराची परवानगी आहे, सक्ती नाही. छतावरचं कॅरिअर दिवाळीनंतर काढून ठेवा. ते रिकामं असलं तरी वारा अडवतंच.

देखभालीत एअर फिल्टरचा उदोउदो जरा जास्त होतो. नव्या पेट्रोल गाडीत मळका फिल्टर ॲव्हरेजपेक्षा गाडीचा जोर कमी करतो, कारण हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. बदला जरूर, पण चमत्काराची वाट पाहू नका. पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक विकायला कोणी आलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्यापेक्षा लांबून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका. एकच चाक जास्त गरम लागलं, तर तिथला ब्रेक धरून बसला असण्याची शक्यता आहे. गॅरेजला दाखवा.

महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी पंधराऐवजी सतरा देऊ लागली, तर जवळजवळ आठ लिटर पेट्रोल वाचतं.

आणि टायरची हवा. किती भरायची, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेलं असतं. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना तपासा. पेट्रोल पंपावर हवेचे पैसे पडत नाहीत.