पहाऱ्याची विहीर



घागर फुटली तर जमीन ओली होते, दूध करपले तर घरभर वास सुटतो. परंतु जमिनीखाली पुरलेली पेट्रोलची टाकी झिरपू लागली, तर वर वावरणाऱ्या माणसास तिची कोणतीच खूण मिळत नाही. तेल रात्रंदिवस मातीत मुरत राहते, आणि त्याचा पत्ता लागतो तो बहुधा पिण्याच्या पाण्यात. त्यापूर्वीच तो कसा लावावा, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

पंपावर रोज टाकीत काठी सोडून तेल मोजतात. मग गळती हिशेबात दिसणार नाही काय, असे कोणी विचारील. परंतु तेल उष्णतेने फुगते, थंडीने आकसते आणि मोजण्यातही थोडी चूक होते. म्हणून अमेरिकेच्या नियमांत महिन्याच्या हिशेबात एकूण खपाचा १ टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९० लिटर, इतका फरक क्षम्य मानला आहे. रोज दहा लिटर गळणारी टाकी अशा वहीत सहज लपून राहते.

उलट, पाणी बिघडावयास फार थोडे पुरते. पेट्रोलमधील बेन्झीन हे द्रव्य कर्करोगास कारण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एक लिटर पाण्यात ते १० मायक्रोग्रॅमहून, म्हणजे ग्रॅमच्या एक लक्षांशाहून, अधिक नसावे. नाकाला बेन्झीनचा वास कळावयास मात्र याच्या कित्येक पट प्रमाण लागते. तेव्हा नाकावर विसंबणे धोक्याचे.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका या शहराला याचा अनुभव आला. हवा स्वच्छ राहावी म्हणून तेथील पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचे द्रव्य मिसळीत असत. बेन्झीनचा काही भाग मातीतील जिवाणू खाऊन टाकतात. एमटीबीई मात्र त्यांना सहजी दाद देत नाही आणि पाण्याबरोबर दूरवर जाते. टाक्यांतून व नळांतून गळलेले हे द्रव्य शहराच्या विहिरींत उतरले. १९९६ साली त्या विहिरी बंद कराव्या लागल्या, शहराचा निम्मा पाणीपुरवठा गेला आणि बाहेरून पाणी विकत घेण्याची पाळी आली. शुद्धीकरणाची यंत्रे बसवून तेथील मुख्य विहिरींचे पाणी पुन्हा वापरात यावयास सुमारे चौदा वर्षे लागली. हवेसाठी योजलेले औषध पाण्याला बाधले. आणि बाधा कळली ती पिण्याच्या विहिरींतच. कारण त्यांच्या आधी पहाऱ्याला कोणी नव्हते.

हा पहारा म्हणजे टाकीभोवती घेतलेली अरुंद बोअर. तिच्यात चिरा पाडलेली नळी बसवितात, भोवती वाळू भरतात आणि वरचे सांडपाणी आत उतरू नये म्हणून तोंडाशी चिकणमातीचा दट्ट्या देतात. झाकणाला कुलूप असते. अशा निदान तीन बोअर हव्यात. तिन्हींतील पाण्याची पातळी ताडून पाहिली म्हणजे भूजल कोणत्या दिशेला वाहते ते कळते. एक बोअर वरच्या अंगाला, बाकीच्या खालच्या अंगाला, असा क्रम ठेवतात. पेट्रोल पाण्यावर तरंगते. म्हणून नळीच्या चिरा पावसाळ्यातील व उन्हाळ्यातील अशा दोन्ही पातळ्यांना पुरतील इतक्या लांब असाव्यात. नमुना घेताना साचलेले पाणी आधी उपसून टाकतात आणि बाटली काठोकाठ, हवेचा बुडबुडाही न राहील अशी भरून बर्फात ठेवतात. नाहीतर उडून जाणारे द्रव्य प्रयोगशाळेत पोहोचतच नाही.

आपल्या देशात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पेट्रोलपंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. घरे, शाळा व रुग्णालये यांपासून सामान्यतः ५० मीटर अंतर राखावे, असे त्यांत सांगितले आहे. अंतर हवेच. परंतु भूजलाला अंतर कळत नाही, उतार कळतो. आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांच्या परसात विहीर आहे, आणि त्या विहिरीवर रोजचा स्वयंपाक चालतो. जवळपास पंप असेल तर पाण्याचा उतार कोणीकडे आहे, पहाऱ्याची बोअर आहे काय आणि तिचा नमुना शेवटी कधी तपासला, हे तीन प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे. उत्तर मिळेपर्यंत ते पुनःपुन्हा विचारावे. कारण पहाऱ्याची विहीर बिघडली तर टाकी बदलता येते. पिण्याची विहीर बिघडली तर बदलण्यासाठी दुसरी कोठून आणावयाची?