पावसाळा आणि फटफटीची वीज

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे शेतकऱ्याच्या मनाला पालवी फुटते. पण त्याच्या ओसरीपुढें उभ्या असलेल्या मोटारसायकलीला त्याच दिवसापासून चार महिने कसोटीचे लागतात. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हें गांव आहे. तेथील जमीन मराठवाड्यांतल्या बहुतेक जमिनीप्रमाणें काळी; ओली झाली कीं चाकाला लपेटते आणि कित्येक दिवस ओल सोडीत नाहीं. अशा गांवांत मोटारसायकल ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. दूध परभणीस पोंचवावयाचें, मुलीला कॉलेजांत सोडावयाचें, रात्रीं-अपरात्रीं दुखणाइताला दवाखान्यांत न्यावयाचें, हा सारा भार तिच्यावर. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली या जिल्ह्यांत अतिवृष्टि झाली. सप्टेंबर २०२५ मध्यें मराठवाड्यानें पुन्हां पूर पाहिला. अशा वेळीं दारची गाडी बंद पडणें म्हणजे वाट बंद होणें होय. शहरवासी श्रोत्यांस हें खेड्याचें गाऱ्हाणें वाटेल. परंतु पुण्यामुंबईच्या जिन्याखालीं उभी असलेली गाडीहि त्याच जातीची आहे.

जुन्या फटफटीचा संसार साधा होता. पेट्रोल, हवा आणि एक ठिणगी जमली कीं ती चाले. भिजली तर प्लग काढून फडक्यानें पुसावा आणि पुन्हां किक मारावी. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे बी.एस. सहा हे कडक नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. आतां पेट्रोल किती सोडावयाचें हें ईसीयू नांवाची एक लहानशी विजेची पेटी ठरविते. इंजिनची उष्णता, हवेचा दाब, धुरांतला प्राणवायु यांची खबर तिला निरनिराळे सेन्सर देतात. ही खबर बहुधा पांच व्होल्टच्या आंतच चालते. म्हणून जोडांत थोडा बिघाड झाला तरी निरोप चुकतो, आणि निरोप चुकला कीं इंजिन अडखळतें.

पाणी विजेला मारतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी. शुद्ध पाण्यांतून वीज फारशी वाहत नाहीं; परंतु रस्त्यावरची धूळ, चिखल व क्षार त्यांत मिसळले कीं तें विजेला वाट देतें. कनेक्टरच्या दोन पिनांमध्यें असें पाणी साचून राहिलें तर रासायनिक क्रिया सुरू होते आणि तांब्यावर हिरवट कीट चढतो. वायरीचें वेष्टण कोठें सोललेलें असेल तर दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें पाणी केशाकर्षणानें तारेच्या पदरांतून आंत सरकतें. गाडी तापलेली असतांना तिच्यावर थंड पाणी पडलें तर बंद पेटींतली हवा आकसते आणि फटींतून ओल आंत ओढून घेते. खरी हानि पाऊस पडत असतांना होत नाहीं. ती पाऊस थांबल्यावर, सर्व कांहीं ठीक आहे असें वाटत असतांना, हळूहळू होत राहते.

या किटाचा परिणाम आंकड्यांनीं पाहावा. तंतूच्या ३५ वॉटच्या दिव्याला १२ व्होल्टवर सुमारें ३ अँपिअर प्रवाह लागतो. जोडावरील किटानें अवघा अर्धा ओहम रोध उत्पन्न केला तरी सुमारें दीड व्होल्ट वाटेंतच खर्च होतो, आणि उजेड जवळजवळ एकतृतीयांशानें घटतो. अंधाऱ्या, निसरड्या रस्त्यावर तेवढ्या उजेडाचें मोल काय असतें, हें सांगावयास नको.

आतां उपाय. गाडीवर पाणी पडूंच द्यावयाचें नाहीं, असा हट्ट व्यर्थ आहे. आंत शिरूं द्यावयाचें नाहीं आणि शिरलेलें राहूं द्यावयाचें नाहीं, एवढेंच धोरण ठेवावें. पावसाळ्यापूर्वीं मिस्त्रीकडून सर्व कनेक्टर उघडून पाहावेत, रबराच्या कड्या फाटल्या असल्यास बदलाव्यात आणि जोड कोरडे करून सिलिकॉनचें ग्रीस बेतानें लावावें. बॅटरीचीं टोकें स्वच्छ करून, घट्ट आवळून, त्यांवर व्हॅसलीनचा हात फिरवावा. वायर कनेक्टरांत शिरण्यापूर्वीं थोडी खालीं झुकलेली असावी, म्हणजे थेंब तेथूनच गळून पडतो. पाणी निघून जाण्यासाठीं ठेवलेलीं छिद्रें कोणत्याहि मसाल्यानें बुजवूं नयेत.

हौसेनें बसविलेला जादा हॉर्न, मोबाईलचा चार्जर किंवा झगमगता दिवा यांसाठीं मूळ वायर सोलून नुसती चिकटपट्टी गुंडाळण्याची चाल आहे. पाण्याला आंत येण्याचें आमंत्रण बहुधा तेथेंच मिळतें. फ्यूज उडाला म्हणजे त्याच्या जागीं तारेचा तुकडा घालणें हा तर आगीशीं खेळ होय. जोराच्या फवाऱ्यानें गाडी धुतांना मीटर, स्विच व कनेक्टर यांवर झोत धरूं नये. कांहीं भागांवर आयपी ६७ असा अंक असतो. त्याचा अर्थ एक मीटर खोल स्थिर पाण्यांत अर्धा तास टिकाव, जोराच्या फवाऱ्याची हमी नव्हे. ओल्या व तापलेल्या गाडीवर प्लॅस्टिक घट्ट बांधूं नये. आंतली वाफ आंतच थिजते. आधीं वारा लागूं द्यावा, मग हवा खेळेल असें आच्छादन घालावें.

आणि गाडी पुराच्या पाण्यांत बुडाली तर? तेव्हां चालू करून पाहण्याचा मोह आवरणें हाच पहिला उपचार. पाणी दाबलें जात नाहीं. तें सिलिंडरमध्यें शिरलें असतां बटण दाबतांच इंजिनचा दांडा वांकूं शकतो, आणि ओल्या पेटींत वीज सोडली तर ती कायमची निकामी होऊं शकते. बॅटरीचें ऋण टोक आधीं सोडवावें, गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्यावी, तेल बदलून व जोड वाळवूनच ती सुरू करावी. एक दिवस पायीं चालावें लागेल, एवढेंच. पण पुढच्या अपरात्रीं दुखणाइताला घेऊन निघावयाची वेळ आली, तर ती पहिल्या हांकेला उठेल.