दोन हॉटेले आणि एक सकाळ

बंगळुरूच्या जुन्या रहिवाशाला ‘इथले जुने हॉटेल कोणते?’ असे विचारले, तर तो मुक्कामाची जागा सांगत नाही, फराळाची सांगतो. त्यातही दोन नावे हटकून येतात. एक, लालबागेजवळची मावळ्ळी टिफिन रूम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एम. टी. आर.; आणि दुसरे, गांधी बाजारातील विद्यार्थी भवन.

गेल्या वर्षी मी आईला घेऊन तिथे गेलो होतो. परतीची गाडी दुपारची, हाताशी एकच सकाळ. आईचे वय ब्याऐंशी. पुन्हा इतक्या लांब येणे घडेल, असे तिला वाटत नव्हते. तेव्हा दोहोंपैकी एकच हॉटेल निवडणे भाग होते.

ज्यांच्याकडे उतरलो होतो, ते माझे आतेभाऊ पक्के विद्यार्थी भवनवाले. त्यांचे म्हणणे असे, की हे हॉटेल 1943 मध्ये वेंकटरमण उराळ यांनी आसपासच्या शाळा-कॉलेजांतील मुलांसाठी काढले, म्हणून त्याचे नाव असे. 1970 मध्ये ते रामकृष्ण अडिगांकडे आले. मालक बदलला, पण जाड, खरपूस डोसा आणि पातळ चटणी तीच राहिली. भिंतींवर कन्नड साहित्यिकांची चित्रे आहेत, आणि हातावर डोशांच्या बशांची चळत रचून येणारा वाढपी पाहणे हाही एक सोहळाच.

वहिनींचा कौल मात्र मावळ्ळीला. उडपीकडच्या मय्या बंधूंनी 1924 मध्ये ते सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा थांबला, तेव्हा तिथे रव्याची इडली निघाली, असे सांगतात. पुढे यज्ञनारायण मय्या युरोप पाहून आले, आणि स्वयंपाकघरातील स्वच्छतेचा त्यांनी ध्यासच घेतला. मग आणीबाणी आली. सरकारने दर इतके उतरवायला लावले, की त्या पैशांत तोच माल देणे परवडेना. माल हलका करण्यापेक्षा त्यांनी हॉटेलच बंद केले आणि तयार पिठांच्या धंद्यावर भर दिला. दार पुन्हा उघडले ते 1984 मध्ये.

इतका वेळ आई गप्प होती. ती म्हणाली, “बंद केलं? खरंच बंद केलं?”

तिच्या प्रश्नाचा अर्थ मला ठाऊक होता. पुण्यात सदाशिव पेठेत तिने बरीच वर्षे खानावळ चालवली. 1972 च्या दुष्काळात धान्य महागले. बाहेरगावच्या गरीब मुलांना दर वाढवून सांगणे तिच्या जिवावर आले, आणि तिने वरण पातळ केले. कोणी तक्रार केली नाही. एका मुलाने फक्त ताटातल्या वरणाकडे पाहिले आणि मुकाट्याने जेवला. ती नजर तिने आम्हाला अनेकदा सांगितली आहे.

“मला तिथं ने,” ती म्हणाली.

मावळ्ळीला रांगेत चांगला पाऊण तास गेला. आईने एकदाही कुरकुर केली नाही. रवा इडली आली, सोबत छोट्या वाटीत तूप. तिने आधी तूप बोटाला लावून वास घेतला, मग घास मोडला. खाणे संपेपर्यंत ती बोलली नाही. नंतर म्हणाली, “त्यांना बंद करणं सोसलं रे. माझी बंद झाली असती, तर ती पोरं जेवली कुठं असती?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. दर्जा राखण्यासाठी दार लावून घेणारा मोठा, हे खरे. पण पातळ वरण वाढून दार उघडे ठेवणारीला लहान म्हणायला माझी जीभ रेटत नाही. विद्यार्थी भवनही मुलांसाठीच निघाले होते, हे मला गाडीत बसल्यावर आठवले. मी आईला तसे म्हणालो.

“मग पुढच्या खेपेला तिथं,” ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळून बसली.