बाईंची कॅसेट

(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत. बोलले तसंच, थोडं नीट करून लिहून दिलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील संधी'. मी हो म्हणाले. पण इथं समोर बघते तर निम्म्यांची मुलं माझ्यापेक्षा जास्त संगणक शिकलेली. तेव्हा त्या विषयाला आज सुट्टी. गणिताच्या सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. 28 वर्षांत ही एक सवय काही बदललेली नाही. त्यामुळे वेळेत संपवते.

मी आज एका कॅसेटबद्दल बोलणार आहे.

आपण शाळेत होतो तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता. आपण परभणी जिल्ह्यातले. हिंगोली जिल्हा 1999 साली झाला. नाक्यापलीकडं वाशिम, ते तेव्हा अकोला जिल्ह्यात. म्हणजे आपलं गाव मराठवाड्याच्या अगदी कडेला, पैनगंगा ओलांडली की विदर्भ. पूर्णा-अकोला गाडी छोट्या रुळावरची. ती आली की तास बदलला असं समजायचं, आणि गाडी लेट असली की तासही लांबायचा. गाणी आपल्याकडं यायची ती आकाशवाणीवरून, लग्नाच्या मंडपातल्या कर्ण्यातून आणि ट्रकवाल्यांच्या टेपमधून. नाक्यावर थांबणाऱ्या ट्रकांमुळं मुंबईतलं नवं गाणं आपल्याला परभणीवाल्यांच्या आधी पाठ असायचं, हे विसरू नका.

आणि टेपरेकॉर्डर होता मराठीच्या बाईंकडं. स्टँडच्या मागं त्यांची भाड्याची खोली होती. गॅदरिंगची तयारी आपण तिथंच करायचो. नववीत होतो, दिवाळीची सुट्टी संपली होती. बाई नांदेडहून एक कॅसेट घेऊन आल्या. एच.एम.व्ही.ची, लता मंगेशकरांची. नाव 'श्रद्धांजली'.

आम्ही पाच-सहा मुली खाली सतरंजीवर बसलो. बाईंनी कॅसेट लावली आणि आमची निराशा झाली. आधी लतादीदी नुसत्या बोलतच होत्या. मग गाणं सुरू झालं, तेही त्यांचं नव्हतं. सैगलचं होतं. माझे वडील सकाळी रेडिओ सिलोन लावायचे, त्यावर जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं सैगलचं लागायचं, म्हणून मला तेवढं ओळखू आलं. पुढचं गाणं पंकज मलिकचं. मग गीता दत्तचं. आमच्यातली एक जण म्हणाली, "बाई, हिची स्वतःची गाणी संपली काय?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "संपली नाहीत गं. तिला आता सगळं मिळालंय. म्हणून ती थांबून मागं बघतेय, आपल्या आधी आणि आपल्यासोबत कोण कोण होतं ते."

तेव्हा मला ते वाक्य कळलं नाही. परीक्षेत येणार नव्हतं, म्हणून लिहूनही घेतलं नाही.

ज्यांनी ही कॅसेट ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. 1942 साली वडील, म्हणजे मास्टर दीनानाथ, गेले आणि तेराव्या वर्षी लतादीदींनी कामाला सुरुवात केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा संच निघाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. कोणी त्यांच्याच गाजलेल्या गाण्यांचा संच काढला असता तरी तो खपला असता. त्यांनी तसं केलं नाही. रफी, मुकेश, किशोरकुमार, हेमंतकुमार, सगळे तोवर गेलेले. मुकेश तर 1976 साली अमेरिकेत डेट्रॉइटला गेले, लतादीदींसोबतच्या दौऱ्यावर असताना. अशा एकेकाबद्दल त्या आधी बोलतात आणि मग त्याचं गाणं स्वतःच्या आवाजात गातात. सैगलना त्या कधी भेटू शकल्या नाहीत. स्वतःच्या कमाईतून रेडिओ घेतला आणि त्याच रेडिओवर सैगल गेल्याची बातमी ऐकली, असा प्रसंग त्या मुलाखतींत सांगायच्या. ते साल 1947. आणि गीता दत्त त्यांच्यापेक्षा एका वर्षानं लहान, 1972 सालीच गेलेल्या. म्हणजे ही श्रद्धांजली फक्त मोठ्यांना नव्हती, बरोबरीच्यांनाही होती.

आता त्या खोलीतल्या एका मैत्रिणीबद्दल. तिचं नाव घेत नाही. तिला विचारलं होतं, ती म्हणाली, "माईकवर घेऊ नको आन् पुस्तकात तर नकोच." पण तुम्ही ओळखलं असेल. गीता दत्तचं ते गाणं तिनं दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा टेप बंद करून म्हणून दाखवलं. बाई दाराला टेकून उभ्या राहिल्या होत्या. जानेवारी 1995 च्या गॅदरिंगला तिनं तेच गाणं म्हटलं. मधेच लाइट गेली, माईक बंद पडला, तरी ती गात राहिली आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पाटलांच्या वाड्याजवळ बसलेले म्हातारेसुद्धा उठून शाळेच्या भिंतीपाशी आले होते.

गाण्यापेक्षा ती गणितात चांगली होती. सर, आठवतं ना? नववीच्या सहामाहीत ती पहिली, मी दुसरी. वार्षिकला ती पहिली, मी दुसरी. भूमितीतले प्रमेय मला तिनंच शिकवलेत, पैनगंगेच्या पुलावर बसून, खडूनं कठड्यावर आकृत्या काढून.

दहावीला दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. आपल्यातले निम्मे त्या लग्नाला होते. मी होते. आपण बुंदी खाल्ली, पंगतीत एकमेकांच्या पत्रावळीत जिलेबी टाकली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन सराव परीक्षा दिली. कोणाला काही वेगळं झालं असं वाटलं नाही. ती पंधरा वर्षांची होती. मला हे सांगताना आज लाज वाटते की तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : आता पहिला नंबर माझा.

आणि आला. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर जो फलक आहे, त्यावर 1996 च्या पुढं माझं नाव आहे. आज सकाळी आल्या आल्या सगळ्यांनी मला त्याखाली उभं करून फोटो काढले. सर, ती परीक्षेला बसली असती तर तिथं कोणाचं नाव असतं, हे तुम्ही सांगू नका. मला माहीत आहे.

पुढं मी इंजिनिअरिंगला गेले, पुण्यात नोकरी लागली. 2005 साल. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यानं अमेरिकेहून आशाताईंची नवी सीडी आणली. सॅन फ्रान्सिस्कोचा क्रोनोस क्वार्टेट म्हणून चार वादकांचा संच आहे, व्हायोलिन आणि चेलो वाजवणाऱ्यांचा. त्यांच्यासोबत आशाताईंनी आर. डी. बर्मन यांची सत्तरच्या दशकातली गाणी पुन्हा गायली होती. तबल्याला झाकिर हुसेन. आर. डी. 1994 साली गेले होते. आणि सत्तरी ओलांडलेल्या आशाताई, वयाच्या चाळिशीत म्हटलेलं गाणं नव्यानं म्हणत होत्या. त्या सीडीला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. सहकारी म्हणाला, "जुनीच गाणी परत म्हटलीत, त्यात काय!"

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. चालू असलेला जुना प्रोग्राम पुन्हा लिहिणं हे नवा लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे. आधीच्या माणसानं एखादी ओळ तशी का लिहिली, हे कळल्याशिवाय तिला हात लावला की सगळं कोसळतं. जुन्या गाण्याचंही तसंच असावं. ती सीडी ऐकताना मला बाईंची कॅसेट आठवली. मी लक्ष्मी रोडवर जाऊन 'श्रद्धांजली'चे दोन्ही भाग विकत घेतले आणि पहिल्यांदाच सगळं नीट ऐकलं.

तेव्हा लक्षात आलं की त्यात फक्त रफी-किशोर नाहीत. कानन देवी आहेत, पारुल घोष आहेत, अमीरबाई कर्नाटकी आणि जोहराबाई अंबालेवाली आहेत. या कोण, म्हणून मी शोधायला लागले. 1943 च्या 'किस्मत'मध्ये अमीरबाई आणि पारुल घोष गायल्या. 1944 च्या 'रतन'मधली जोहराबाईंची गाणी देशभर वाजत होती, संगीत नौशादांचं. आणि 1949 साली 'महल', 'बरसात', 'अंदाज' आले. 'अंदाज'लाही संगीत नौशादांचंच, पण आवाज लतादीदींचा. त्यानंतर जड, खड्या आवाजाच्या गायिकांना मिळणारी गाणी कमी होत गेली. त्यात लतादीदींचा काही दोष नव्हता. त्यांनी कोणाला ढकललं नाही. पण त्या पुढं आल्या आणि या मागं पडल्या, हे खरं आहे. आणि चाळीसहून जास्त वर्षांनी, कोणी मागितलेलं नसताना, लतादीदींनी त्यांचीच गाणी स्वतः म्हटली.

त्या दिवशी बाईंचं वाक्य मला कळलं. आणि कळल्यावरही मी काही केलं नाही, हे पण सांगते. वीस वर्षं काही केलं नाही. नोकरी, लग्न, मुलगी, हप्ते. तुमच्यासारखंच.

या मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा ग्रुपवर यादी आली. 41 नावं. मी विचारलं, यादी कुठून काढली? उत्तर आलं, दहावीच्या निकालावरून. काढणाऱ्यांचा दोष नाही, मीही तशीच काढली असती. पण मग मुख्याध्यापकांना विनंती करून आठवीचा हजेरीपट बघितला. त्यात 58 नावं आहेत. म्हणजे 17 जण मधल्या दोन वर्षांत गळाले. त्यातल्या 11 मुली. बाकीच्यांतला एक जण ऊसतोडीला आई-बापांसोबत गेला तो परत आला नाही, एक वीटभट्टीवर लागला. शेवटच्या बाकावर बसायचे ते. आपण त्यांना 'शाळा सोडली' म्हणतो. खरं तर कितीजणांनी सोडली आणि कितीजणांची सुटली, हे आपण कधी विचारलं नाही.

मैत्रिणीचा नंबर तिच्या भावाकडून मिळाला. मी तिला भेटायला गेले, नदीपलीकडं वाशिम तालुक्यात तिचं गाव आहे. तिनं मला लगेच ओळखलं. चहा झाला, शेत दाखवलं. मोठी मुलगी नर्सिंगला आहे. तिला बारावीपर्यंत गणित आईनंच शिकवलं. मी म्हटलं, मेळाव्याला ये. ती म्हणाली, "मी कुठं दहावी पास हाय? माझं काय काम तिथं?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. 41 जणांची यादी मीही बिनतक्रार वाचली होती.

निघताना ती आत गेली आणि एका स्टीलच्या डब्यातून कॅसेट घेऊन आली. 'श्रद्धांजली'. बाईंनी तिला लग्नात आहेर म्हणून दिली होती. बाई, तुम्ही आम्हाला हे कधी सांगितलं नाहीत. तुम्ही लग्न थांबवायला तिच्या घरी दोनदा गेला होतात, हेही मला तिच्याकडूनच कळलं. तिच्या सासरी टेप नव्हता. 28 वर्षांत ती कॅसेट तिनं एकदाही ऐकलेली नाही. जपून मात्र ठेवली.

मी ती पुण्याला आणली. पट्टीला बुरशी आली होती. एका जाणकाराकडून साफ करून संगणकावर उतरवून घेतली. एक बाजू चांगली निघाली, दुसऱ्या बाजूला दोन ठिकाणी आवाज ओढल्यासारखा येतो. ही गाणी आज कुठल्याही मोबाइलवर स्वच्छ मिळतात. पण मी तिला हीच पाठवली. तिनं रात्री हरभऱ्याला पाणी देताना ऐकली, कारण लाइट रात्रीची असते. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "तुझं प्रमेय बरोबर यायला लागलं का आता?" गाण्याबद्दल काही बोलली नाही.

आज ती आलेली नाही. मी आशेवर होते. मघाशी दारात रिक्षा थांबली तेव्हा मी बघितलंही.

माझं मागणं एवढंच आहे. आपल्या बॅचची यादी निकालाची नको, हजेरीपटाची हवी. ज्यानं आपल्यासोबत एक दिवस जरी डबा खाल्ला, तो आपल्या बॅचचा. या 17 जणांना आपण शोधायचं, प्रत्येकानं एक नाव घ्यायचं. भेटल्यावर भाषण द्यायचं नाही, आमंत्रण द्यायचं. आणि त्यांच्या मुलींच्या शिक्षणाला कुठं काही अडत असेल तर ते आपण बघायचं. वर्गणीतून जे उरणार आहे, त्याचा फलक किंवा कमान करू नये, अशी माझी विनंती आहे. फलक आहे एक, पुष्कळ झाला.

बाई, तुमची कॅसेट नीट आहे. ती तिच्याकडंच राहील असं मी कबूल करून आले आहे.

सरांनी घड्याळ उचललंय.

(ता. क. : स्मरणिका छापायला जाईपर्यंत 17 पैकी 9 जणांचा पत्ता लागला. मैत्रीण ग्रुपवर आली आहे. अजून काही लिहीत नाही, पण सगळं वाचते.)